देवघरातली पुंगळी

सुतक फिटलं त्या दिवशी आईने सकाळीच अख्खं देवघर स्वयंपाकाच्या ओट्यावर आणून मांडलं. ताम्हन, पळी-पंचपात्र, घंटा, निरांजन, समई. इकडे परदेशात, टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमधला ओटा तो केवढा! मी चहा करायला गेलो तर तिने मला हाकलूनच दिलं. बेडोकच्या बाजारातून आणलेली चिंच कोमट पाण्यात कोळून ठेवली होती. एकेक भांडं उचलायचं, चिंच-मीठ लावायचं, भराभरा घासायचं आणि लगेच नळाखाली धरायचं. पूर्वी ती पूजेची भांडी चिंचेत भिजत घालून ठेवायची. अलीकडे काही वर्षं भिजवत नसे. मला वाटायचं, वयाबरोबर माणसाला घाई सुटते.

दादा गेल्याला तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. अमेरिकेत वाळवंटाच्या कडेला असलेल्या एका गावात त्याने संसार केला, तिथेच नोकरी केली. एके सकाळी गॅरेजमध्ये काम करत बसला होता, तो बाकावरच कलंडला. आईचा व्हिसा संपलेला होता, आणि नसता संपला तरी तिच्या गुडघ्यांना तेवढा प्रवास झेपला नसता. तिला मागे टाकून मीही गेलो नाही. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून आम्ही त्याचं शेवटचं पाहिलं. मध्येच चित्र अडकलं आणि दादाच्या पायाशी उभा असलेला कुणी गोरा माणूस तोंड अर्धवट उघडं ठेवून बराच वेळ आमच्याकडे बघत राहिला. आई म्हणाली, "बंद कर." मी बंद केला.

त्यानंतर ती रडली नाही. दहा दिवस खिडकीशी बसून राहिली, वाढलेलं गपगुमान जेवली, औषधं वेळेवर घेतली. मला तिचा राग येत होता. रडत नाही म्हणून आईवर चिडणं काही शहाणपणाचं नाही, पण आमच्या घरात शहाणपण सगळं दादाच्या वाट्याला गेलं होतं.

तर त्या सकाळी भांडी लखलखीत होऊन टॉवेलवर ओळीने पडली होती. दुपारी माझा मुलगा घरी आला. तो इथे सक्तीची लष्करी सेवा करतोय. आम्ही या देशाचे कायम रहिवासी, त्यामुळे आमच्या पोरांना ती चुकत नाही. शनिवारी सुटी मिळाली की कपड्यांची भलीमोठी बॅग घेऊन घरी येतो. त्याने बॅग टाकली, आजीच्या पाया पडला, फ्रिजमधून पाण्याची बाटली काढली आणि ओट्यापाशी येऊन थबकला.

"आजी, हे काय आहे?"

"उदबत्तीचं घर," आई म्हणाली. "रोज तर बघतोस."

रोज आम्ही सगळेच बघत होतो, पण दिसत कुणालाच नव्हतं. ते कायम देवघरात तांदळाच्या वाटीत अर्धं रोवलेलं असे. वरचा भाग तेलाने आणि राखेने काळाकुट्ट. त्यातून दोन उदबत्त्या वर आलेल्या असायच्या, एवढंच. आता ते चिंचेने घासून निघालं होतं. बोटाएवढ्या लांबीची पितळी नळी, वर निमुळती, तोंड उघडं, पितळेला किंचित गुलाबी झाक. मुलाने ती उलटी करून बूड पाहिलं. तिथे गोलाकार अक्षरं कोरलेली होती. मग त्याने ती दोन बोटांनी धरून जिथल्या तिथे ठेवून दिली.

"बाबा, ही रायफलची केस आहे. रिअल वन."

मी ती हातात घेतली. पुंगळी होती. काडतुसाची रिकामी पुंगळी. आणि कुठली आहे, तेही मला त्याच क्षणी कळलं.

मुलगा खालच्या आवाजात बोलू लागला. फायरिंगचा सराव झाला की त्यांना जमिनीवर पडलेली एकूणएक पुंगळी वेचून परत द्यावी लागते. मग एकेकाने ताठ उभं राहून मोठ्याने सांगायचं, माझ्याजवळ गोळी नाही, रिकामी पुंगळीही नाही. "दर वेळी म्हणतो मी हे, बाबा. आणि इकडे आपल्या देवघरात..." त्याने माझ्या हाताकडे बोट केलं. "लायसन्स नसताना रिकामीसुद्धा ठेवायची नाही. कॅनॉट, लाह," इथल्या पोरांच्या इंग्रजीत तो म्हणाला.

"अरे, ही उडवलेलीसुद्धा नाही," मी म्हणालो. "कोरी आहे. हिच्यात कधी काही भरलंच नव्हतं."

"डझन्ट मॅटर."

मॅटर करत नव्हतंच. या देशात मी इतकी वर्षं रिकाम्या रस्त्यावरही माणसाचा हिरवा दिवा लागेपर्यंत उभा राहत आलोय, मला कुणी नव्याने समजवायची गरज नव्हती. पोराचं नाव खराब झालं असतं, आमच्या इथल्या राहण्यावरही गदा आली असती. आई आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. तिने टॉवेलाचं टोक उचललं आणि पुंगळीवर पांघरलं.

ती पुंगळी दादाकडची होती. एका थंडीत आई आणि मी दोघंही त्याच्याकडे गेलो होतो. दादाला नेमबाजीचं वेड कॉलेजात एनसीसीपासूनचं. तिकडे गेल्यावर ते फोफावलं. मारायचा फक्त कागदाला. आईने पहिल्याच दिवशी विचारून खात्री करून घेतली, "कुणा जिवावर नाही ना रे उडवत?" बाजारात तयार काडतुसं मिळतात, पण त्याला स्वतःच्या हातची लागत. आईला यात नवल वाटलं नाही. विकतचा मसाला तो काही आपला नव्हे, असं तिचं आयुष्यभराचं मत.

त्या वेळी त्याने नव्या पुंगळ्यांची एक मोठी पिशवी मागवली होती. माझी समजूत, नव्या म्हणजे आणल्या की भरल्या. पण नव्या पुंगळ्यांचंही बरंच करावं लागतं. घाऊक माल असल्यामुळे त्या पिशवीत एकमेकींवर आदळून कुणाचं तोंड चेपलेलं असतं, कुणाला बारीक तडा असतो. त्या आधी निवडायच्या. मग तेलाचं बोट लावून प्रेसमध्ये दाबून मान गोल करायची, सगळ्यांची उंची सारखी कापायची, कापल्यावर तोंडाला जी धार राहते ती आतून-बाहेरून खरवडायची, बुडाच्या भोकातला कीस काढायचा आणि शेवटी तेल धुऊन वाळवायच्या. दादा गॅरेजमध्ये दिव्याखाली एकेक पुंगळी डोळ्यांशी नेऊन निवडत बसला होता. आई थोडा वेळ उभी राहून बघत होती. मग म्हणाली, "असं निवडत बसलास तर जन्म जाईल," आणि आत जाऊन आपलं ताट घेऊन आली.

ते स्टीलचं ताट तिचं स्वतःचं, पुण्याहून बरोबर नेलेलं. काठावर तिचं नाव कोरलेलं. लेकाच्या घरी असली तरी जेवायला आपलं ताट हवं, हा तिचा हट्ट. तिने ताटात पुंगळ्यांचा ढीग ओतला, ताट जरा स्वतःकडे कलतं केलं आणि तांदूळ निवडावेत तशी बोटांनी चार-चार पुढे ओढू लागली. चांगल्या उजवीकडे, चेपक्या डावीकडे. दादा आधी हसला. मग त्याने डावीकडच्या तपासल्या, उजवीकडच्या तपासल्या आणि हसायचा थांबला. दुसऱ्या दिवशी तो तिच्याशेजारी खुर्ची ओढून तसाच निवडायला बसला.

मी कोपऱ्यात रंगाच्या डब्यावर बसून ते बघायचो. फोनवर या दोघांचं बोलणं 'जेवलास का' आणि 'ठेवू का' यांच्या पलीकडे जात नसे. तिथे मात्र गप्पा संपत नव्हत्या. आमच्या बाबांच्या, पुण्याच्या वाड्यातल्या भांडणांच्या नव्हे, तर साध्या. भेंडीच्या भाजीत पाणी कधी घालू नये, असल्या. मला हेवा वाटला, हे सांगून टाकलेलं बरं.

मग एक दिवस तो ऑफिसला जाताना म्हणाला, "एवढ्या झाल्या, आता तेल धुवायचं राहिलंय." आईने ते ऐकलं. पितळ कसं धुवायचं, हे तिला कुणी सांगायची काय गरज? आपल्याकडे पितळेला चिंच. तिने वहिनीच्या कपाटातला चिंचेचा अख्खा गोळा बादलीत कोळला, मूठभर मीठ घातलं आणि पुंगळ्या भिजत घातल्या. भिजलं की मळ सुटतो, म्हणून रात्रभर राहू दिल्या. सकाळी काढल्या तेव्हा त्या चकचकीत होत्या आणि गुलाबी होत्या.

दादाने एक उचलून उजेडात धरली. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. त्याने बादली उचलून भंगाराच्या पिंपात उपडी केली.

"का रे? स्वच्छ निघाल्यात की," आई म्हणाली.

"आई, चिंचेने यांच्यातलं जस्त खाल्लं. पितळ पोचट झालं. यांवर आता भरवसा नाही. उडवताना फुटली तर माझ्या गालापाशी फुटेल."

आईने पदर तोंडाशी नेला. दादा तेवढ्यावर थांबला असता तर बरं होतं. पण कित्येक दिवसांची मेहनत पिंपात गेली होती, आणि राग आमच्या घराण्यात नाकावरच असतो. तो म्हणाला, "तू आता यातलं काही करू नकोस. तू फक्त बस."

ती बसली. उरलेले दिवस घरातल्या सोफ्यावर बसली. गॅरेजमध्ये पुन्हा गेली नाही, आणि अमेरिकेलाही पुन्हा गेली नाही. विचारलं की गुडघे पुढे करायची. परतताना मात्र तिच्या सामानात ती एक पुंगळी होती, हे मला आत्ता कळत होतं. पुण्याला तिने ती उदबत्तीचं घर करून टाकली, आणि बाबा गेल्यावर कायमची माझ्याकडे राहायला आली तेव्हा ताम्हन-पळीबरोबर तीही इकडे आली. पितळेच्या गर्दीत एक पितळ, कुणाला दिसणार? मी धरून चाललो की निघताना दादाने तिला ती दिली असणार. त्याची ती माफी मागायची रीत असणार.

आता त्या पुंगळीचं काय करायचं, हा प्रश्न होता. माझ्या डोक्यात पहिला विचार इमारतीच्या तळापर्यंत जाणाऱ्या कचऱ्याच्या नळकांड्याचा आला. झाकण उघडायचं, सोडून द्यायची, खालपर्यंत खडखडत गेली की विषय संपला. मुलाने माझ्या नजरेवरून ओळखलं आणि मान हलवली.

मग आईच म्हणाली, "समुद्रात सोडता येईल का? त्याच्या अस्थी मला मिळाल्या नाहीत. ही तरी सोडते."

मी हो म्हणणार होतो. पुलाउ उबीन बेटावर जाणारी छोटी लाँच माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. रविवारची सायकलवाल्यांची गर्दी, आई कडेला बसलेली, हात पाण्याकडे. कुणाला कळणार होतं?

"बाबा, नो," मुलगा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "पुढच्या आठवड्यात मला परत उभं राहून ते म्हणायचंय."

आईने त्याच्याकडे पाहिलं. नातवाने इतकी गयावया केलेली तिने कधी ऐकली नव्हती. टॉवेल बाजूला करून तिने पुंगळी उचलली, कोरड्या फडक्याने पुसली आणि पुन्हा तांदळाच्या वाटीत रोवली. "बोलव त्यांना," ती मला म्हणाली. "येईपर्यंत एक उदबत्ती लावते."

मी पोलिसांना फोन केला. दोघे आले, एक मलाय तरुण आणि एक चिनी बाई. दोघांनी दारात बूट काढले. देवघरापाशी आल्यावर त्यांना जळती उदबत्ती दिसली. बाईंनी हात पुढे केला आणि मागे घेतला. उदबत्ती संपेपर्यंत ते दोघे आमच्या सोफ्यावर बसून राहिले. बायकोने सरबत दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली आणि मी आईचं इंग्रजी करू लागलो. वस्तू कुणाची? माझी. कुठून आली? अमेरिकेतून, मोठ्या मुलाच्या घरून. त्याने दिली का?

मी भाषांतर न करता परस्पर हो म्हणणार होतो. पण आई म्हणाली, "नाही. त्याने नाही दिली. मी पिंपातून काढून घेतली."

"का?" हे मी विचारलं, पोलिसांनी नाही.

"त्याने घासून-पुसून केलेली होती. आणि माझ्या हातनं बिघडली. टाकवली नाही मला." मग म्हणाली, "त्याच्या गालापाशी फुटली असती रे. रोज उदबत्ती लावताना मी म्हणायचे, वाचवलंस देवा."

हे मी इंग्रजीत कसंबसं सांगितलं. तरुण पोलिसाने लिहून घेतलं की नाही, कोण जाणे. त्यांनी पुंगळी एका प्लास्टिकच्या पिशवीत घातली. तळाशी राख सांडली. कळवू, म्हणाले, आणि बूट घालून गेले. पुढे ताकीद देऊन त्यांनी प्रकरण मिटवलं, मुलालाही काही त्रास झाला नाही. पण ते नंतर. त्या संध्याकाळी आम्हाला काहीच माहीत नव्हतं. आईने दिव्याच्या वेळी एका केळ्यात उदबत्ती खोचली. देवघरातली तांदळाची वाटी मधोमध खळगा पडून तशीच होती.

रविवारी सकाळी वहिनीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे संध्याकाळ होती. आईला बघून ती म्हणाली, "आई, यांचे क्लबमधले मित्र गॅरेजमधलं सामान न्यायला येणार आहेत. त्याआधी तुम्हाला एक दाखवायचंय. मी अजून कशाला हात लावलेला नाही."

फोन गॅरेजमध्ये गेला. तोच बाक, तोच दिवा. प्रेसवर एक फडकं टाकलेलं. शेजारी पुंगळ्यांची नवी पिशवी, तोंड उघडं. आणि बाकावर आईचं ताट. ते तिकडेच राहिलं होतं. काठावर कोरलेलं तिचं नाव दिव्यात दिसत होतं.

"हे ताट मी कितीदा परत मागितलं," वहिनी म्हणाली. "द्यायचेच नाहीत. म्हणायचे, निवडायला हेच लागतं."

ताटात वरच्या बाजूला ढीग होता, न निवडलेला. डावीकडे चेपक्या. उजवीकडे चांगल्या. अगदी आईच्या पद्धतीने. आईने माझ्या हातातून फोन घेतला आणि नाकाशी नेला. मला वाटलं, आता रडेल. मला हवंही होतं तिने रडायला.

"उजवीकडे जरा जवळ धर गं," ती वहिनीला म्हणाली.

वहिनीने धरला. आईचं बोट काचेवर हळूहळू सरकत गेलं आणि एका जागी थांबलं. मी वाकून पाहिलं. चांगल्यांच्या रांगेत एक पुंगळी होती, तिचं तोंड पार चेपलेलं. आंधळ्यालाही कळेल असं. बोट थोडं सरकलं. तिच्यापुढे आणखी एक तशीच. त्यापुढे आणखी एक.

"बरं वाटत नव्हतं त्याला," आई म्हणाली. "चेपक्या चांगल्यांत टाकत होता तो. कितीतरी वेळ बरं वाटत नव्हतं, आणि तरी निवडत बसला होता."

वहिनीने फोन ताटाच्या आणखी जवळ नेला.

"मी काही केलं नसतं गं," आई म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "हात लावला नसता कशाला. नुसती बसले असते त्याच्या शेजारी, तरी मला कळलं असतं."